पाचवा व्हॉल्व

आमच्या घरात कुणी कधी कुजबुजलं नाही. कुजबुजून उपयोगच नव्हता, कारण बाबांना ते ऐकू येत नसे, आणि बाबांना वगळून घरात बोलावं असं आयेच्या मनात कधी आलं नाही. त्यामुळे आमच्याकडे आज बोंबलाचं कालवण आहे की नुसता भात आणि लोणचं आहे, हे सरावलीतल्या आमच्या चाळीतल्या आठही खोल्यांना जेवणाच्या अर्धा तास आधी कळत असे. आयेला बाबांना हाक मारायची झाली तर ती दिव्याचं बटण दोनदा खालीवर करी. वीज नसेल तेव्हा लसणाची पाकळी फेकून मारी. नेम चांगला होता तिचा. बाबा मान वर करत, पाकळी उचलून ओट्यावर ठेवत आणि विचारत, "काय म्हणतेस?" वाया असं आमच्याकडे काही जात नसे, लसूणही नाही.

बाबांचे कान औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यानं खाल्ले होते. कुंभवलीच्या बाजूला होता तो. बाबा तिथं कंप्रेसर हाउसात ऑपरेटर. पत्र्याच्या त्या खोलीत चार कंप्रेसर दिवसरात्र धडधडत असत आणि आत सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. पंधरा-सोळा वर्षांत कल्हई उडावी तशी त्यांची ऐकण्याची ताकद उडत गेली. गंमत अशी की कंप्रेसर हाउसात ते मुळीच उठून दिसत नसत. तिथं कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. पंचाईत होती ती बाहेर. ऑपरेटरला ऐकू आलंच पाहिजे असा नियम होता, आणि आधी दोघे जण कान गेले म्हणून घरी बसवले गेले होते. म्हणून बाबांचे कान हे आमच्या घराचं गुपित होतं. ते आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलत असू. शेजारी दोन खोल्या सोडून राहणारा जानू त्यांच्याच पाळीत होता. साहेब काही बोलून गेला की जानू तेच पुन्हा हातांनी सांगे. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर येई, बॅटरी मारून कानात बघे आणि दोन-तीन प्रश्न विचारी. बाबा सगळ्यांना "नाय साहेब" असं एकच उत्तर देत. एका वर्षी डॉक्टरांनी आधी नाव विचारलं. तेव्हाही त्यांनी "नाय साहेब" म्हणून सांगितलं. जानूनं मागून सारवासारव केली की गडी लाजाळू आहे.

आणि अशा घरात मी निपजलो तो कानांचा अभिमानी. पालघरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन मी बोईसरला इद्रिसभाईंच्या गॅरेजात लागलो, तेव्हा माझी खात्री होती की देवानं बाबांचे कान काढून मलाच दिले आहेत. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. डोळे मिटण्याची गरज नसते हे मला बऱ्याच उशिरा समजलं. पण गिऱ्हाईक त्यानं गप्प बसतं. एकदा वाणगावहून एक जीप आली, खालून ठकठक असा आवाज करत. मी डोळे मिटले आणि बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. अर्धा दिवस घालवून इंजिनाखालचा तेलाचा टब उतरवला, बेअरिंग नवीन असल्यासारखं निघालं. मग जीपवाला मागच्या सीटखाली वाकला आणि त्यानं ताडीची दोन मडकी बाहेर काढली. ती एकमेकांवर आपटत होती.  पुढं महिनाभर मी कुठल्याही गाडीला स्क्रूड्रायव्हर लावला की इद्रिसभाई म्हणत, "पहले सीट के नीचे देख ले."

माणूस मात्र शिकवणारा होता. आवाजांची त्यांची एक बाराखडी होती. खालून जड ठकठक आली तर घाबरायचं. वरून शिलाई मशीनसारखी हलकी टिकटिक आली तर टॅपेट. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, तर सायलेन्सरच्या जोडातून हवा फुसफुसतेय. टॅपेट म्हणजे काय ते इथं सांगायला हवं, कारण आताच्या गाड्यांत तो प्रकारच राहिलेला नाही. परवा माझ्या पुतण्याची विजेवरची गाडी आली, तर ती चालू आहे की बंद तेच मला कळेना. मी बराच वेळ बाहेर उभा राहून त्याला "सुरू कर" म्हणत होतो. तर त्या काळच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्वच्या डोक्यावर एक छोटी पट्टी हातोडीसारखी खालीवर होई आणि व्हॉल्व दाबून उघडी. तिला रॉकर म्हणत. रॉकर आणि व्हॉल्व यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागे; ती फट जुळवणं म्हणजे टॅपेट सेट करणं, आणि त्या फटीमुळे होणारा आवाज म्हणजे टॅपेटची टिकटिक. इंजिन तापलं की लोखंड वाढतं. फट नसेल तर पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा व्हॉल्व पुरता मिटतच नाही, आणि त्याच्या कडेनं जाळ निघत राहतो. म्हणजे थोडी टिकटिक हवीच. इद्रिसभाई म्हणत, "बोलनेवाला टॅपेट अच्छा. गूँगे से डरो." हे मी वहीत लिहून घेतलं होतं. वहीत लिहिलं की ते आपल्याला आलं, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

बाबांच्या खात्याचे मॅनेजर कुलथेसाहेब. त्यांच्याकडे साय रंगाची एक जुनी पेट्रोलची मोटार होती आणि ती टिकटिक करत होती. ही टिकटिक बाबांनी ऐकली असणं शक्य नव्हतं. ती जानूनं ऐकली आणि हातांनी बाबांना सांगितली. बाबांनी लगेच साहेबांना गाठून सांगितलं की माझा पोरगा हे काम करतो, गाडी त्याच्याकडे द्या. साहेबाचं काम आपल्या हातून व्हावं, मग वर्षाच्या तपासणीत कुणी फार खोलात शिरणार नाही, असा साधा हिशोब त्यामागं होता. आयेनं तो चाळीला ऐकू जाईल असा मला समजावून सांगितला. "नीट कर. वाकडं केलंस तर बाबांवर येल."

टॅपेट सेट करायला इंजिन थंड लागतं. म्हणून साहेब शनिवारी संध्याकाळीच गाडी गॅरेजात ठेवून गेले आणि रविवारी अकराला येतो म्हणाले. इद्रिसभाई वापीला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. जाताना मला म्हणाले, "जो समझ में न आए, वो मत करना." मला सगळंच समजत होतं, त्यामुळे हा सल्ला मला लागू नव्हता.

रविवारी सकाळी मी वरचं झाकण काढलं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व. त्यांचा एक नऊचा हिशोब असतो. जो व्हॉल्व पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा, जो येईल तो सेट करायचा. आठवा दाबला की पहिला, चौथा दाबला की पाचवा. इंजिन हातानं फिरवत, पातळ पोलादी पट्टी फटीत सरकवत, ती वहीच्या पानांमधून ओढल्यासारखी किंचित अडत निघाली की नट आवळत, मी तासाभरात आठही केले. झाकण बसवलं, गाडी सुरू केली. सात गप्प. पाचवा बोलतच होता.

पुन्हा झाकण काढलं. पुन्हा पट्टी घातली. फट बरोबर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टिकटिक. तेव्हा मी पाचव्याच्या रॉकरवर बोट फिरवलं तर तिथं झिजून वाटीसारखा खड्डा पडला होता. पोलादी पट्टी त्या खड्ड्यावर फळीसारखी आडवी पडत होती. ती फळीखालची फट मोजत होती, खड्डा मोजतच नव्हती. यावरचा उपाय मला माहीत होता. रॉकर काढायचा आणि घासून सपाट करायचा किंवा नवा घालायचा. पण रविवार, दुकानं बंद. साहेब अकराला येणार. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहालाच येऊन स्टुलावर बसलेले. मी पाचव्याची फट जुळवायचा स्क्रू आणखी पाव फेरा आवळला. टिकटिक कमी झाली. आणखी थोडा आवळला. बंद.

इतकं गोड इंजिन मी त्याआधी ऐकलं नव्हतं. फट किती उरली ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि कळायला नको होतं.

साहेब आले. मी गाडी सुरू करून दहा मिनिटं तापवली. साहेबांनी कान दिला, मान हलवली आणि म्हणाले, "वा. हात चांगला आहे रे तुझा." एवढ्यात बाबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी वरच्या झाकणावर तळहात टेकवला. घरात रेडिओ चालू आहे का ते बघायला ते असाच हात ठेवत. बराच वेळ ठेवला. मग साहेबांकडे न बघता म्हणाले, "चारातला एक ठोका पोकळ लागतोय. हा जरा जास्तच गप्प केलाय यानं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी हवेत लटकत होती. मी हसलो आणि म्हणालो, "साहेब, त्यांचं काय मनावर घेता. त्यांना ऐकू कुठं येतं."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

इथं थांबता आलं असतं. 'म्हणजे आता वय झालं' असं काहीही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मी निदान करणारा माणूस. मला पुरावा देण्याची सवय. बाबांची आमच्याकडे पाठ होती. मी सगळ्यात मोठा पाना उचलला आणि त्यांच्या मागं पत्र्याच्या तुकड्यावर सोडून दिला. शेजारच्या हॉटेलातला पोऱ्या बाहेर डोकावला, कोंबड्या पळाल्या, साहेब दचकले. बाबा तसेच झाकणावर हात ठेवून उभे होते. "बघा," मी म्हणालो.

 पेपरात गुंडाळून आणलेली मिठाई साहेबांनी मला दिली, बाबांचा निरोप घेतला आणि गाडी घेऊन गेले. मी खुशीत हत्यारं पुसत बसलो. आपण काय केलं ते मला संध्याकाळी पाटलाच्या विहिरीजवळ, सायकलवरून उतरताना समजलं. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. 

आठवड्यानं बाबांच्या हातात चिठ्ठी आली. कानांची तपासणी, पालघरला. त्यांना घेऊन मीच गेलो. डॉक्टरांनी त्यांच्या कानांवर ती काळी यंत्रं चढवली आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. बाबांनी बोट अगदी बरोबर वर करायला सुरुवात केली. दहापैकी दहा. डॉक्टर चकित. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस बटणावरच्या त्यांच्या अंगठ्याकडे बघतोय. त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. त्यानंतर बाबांचं बोट एकदाही वर झालं नाही. परतताना ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला म्हणाले, "पहिल्या दहाचे मार्क द्यायला पायजे होते."

कारखान्यानं सांगितलं, घरी थांबा, कळवू. आधीच्या दोघांनाही असंच सांगितलं होतं आणि मग कळवलं नव्हतं. बाबा सकाळी पाळीच्या वेळेला उठत, दाढी करत, बूट घालत आणि ओट्यावर बसत. आयेनं सांगणारा कोण ते एका दिवसात शोधून काढलं. जानू. कारखान्यात दुसरं कोणाला ठाऊक होतं? बाबा घरी बसले की कंप्रेसर हाउसातला वरचा माणूस जानूच होणार होता. तिनं जानूच्या बायकोशी बोलणं टाकलं. नळावर आपली कळशी तिच्या कळशीपासून वीतभर लांब सरकवून ठेवू लागली. वाणगावच्या मिरच्यांचा ठेचा केला की एक वाटी जानूकडे जात असे, ती बंद झाली. जानूची बायको एकदा दारात येऊन म्हणाली, "वहिनी, आमी काय केलं ते तरी सांगा." आये म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला इचारा." जानूला काही माहीत नव्हतं, तो काय सांगणार. बाबा मात्र रोज संध्याकाळी जाऊन जानूच्याच ओट्यावर बसत. आये त्यावर धुमसत राही. "बहिरा नाय, खुळा हाय," ती म्हणे, त्यांच्यासमोरच. मी हे सगळं भाताबरोबर गिळत होतो. त्या दिवसांत माझी भूक वाढली होती, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

तिसऱ्या आठवड्यात कुलथेसाहेबांची गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून गॅरेजात आली. महामार्गावर चढ लागला की ओढत नव्हती, मागून फटफट करत होती, शेवटी चारोटीपाशी बसलीच. इद्रिसभाईंनी इंजिनाचं हेड उतरवलं. पाचवा व्हॉल्व काढून त्यांनी हातावर घेतला. त्याची कड एका जागी कुणीतरी पापडाचा घास घ्यावा तशी जळून गेली होती. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "ये गूँगा किसने किया?"

साहेब पाचेक हातांवर उभे होते. पेट्रोलमध्ये भेसळ होती म्हणायची सोय होती. तेव्हा सगळेच म्हणत, आणि अर्ध्या वेळा ते खरंही असे. मी म्हणालो, "मी. त्या रविवारी. आवाज जात नव्हता म्हणून आवळला." मोठा सत्यवचनी म्हणून नव्हे. मला वाटलं, निदान एका गोष्टीतून तरी मोकळं व्हावं.  पुढले दोन महिने इद्रिसभाईंनी मला पंक्चरवर बसवलं. तो भाग वेगळा.

साहेबांनी व्हॉल्व हातात घेतला. फिरवून बघितला. "तुझे वडील त्या दिवशी काय म्हणाले होते?"

"चारातला एक ठोका पोकळ लागतोय."

"हात लावून?"

"हात लावून."

त्यांनी तो व्हॉल्व रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि गेले. पुढल्या सोमवारी बाबांना बोलावणं आलं. कंप्रेसर हाउस त्यांना बंद, ते कायमचंच. पण घरी बसवलं नाही. मेंटेनन्समध्ये दिवसपाळी. सकाळी सगळ्या पंपांवरून, मोटारींवरून फिरायचं, बेअरिंगवर हात ठेवायचा आणि कुठलं बिघडायला आलंय ते सांगायचं. साहेबांनी हे दयेपोटी केलं, की जळलेल्या व्हॉल्वच्या दुःखापोटी, की खरोखरच त्यांना तसा माणूस हवा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबा निवृत्त होईपर्यंत तेच काम करत राहिले. जेवणाचा डबा मात्र ते कंप्रेसर हाउसाच्या पायरीवर बसूनच खात, भिंतीला पाठ टेकवून.

त्या सोमवारी संध्याकाळी आयेनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या करंदीची, म्हणजे बारक्या कोळंबीची, चटणी केली. बोईसरहून पेढे आणले होते. ताटलीत पेढे मोजता मोजता ती म्हणाली, "सहा घरांना देयाचे. त्या जानूच्या घरी नाय." बाबा जेवत होते. मी त्यांच्या शेजारी होतो. आयेला ऐकू जाऊ नये म्हणून मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "बाबा, साहेबांना जानूकाकांनी नाही, मी सांगितलं."

"काय?" बाबा म्हणाले.

मी आवाज चढवला. "साहेबांना मी सांगितलं. तुमच्या कानांचं."

"जरा मोठ्यानं बोल. घास चावताना काय कळत नाय."

आयेचा हात पेढ्यांवर थांबला होता. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मी छाती भरून घेतली आणि आमच्या घरच्या पट्टीत, शेवटच्या खोलीपर्यंत जाईल असं ओरडलो, "तुमच्या कानांचं मीच साहेबांना सांगितलं. तुमच्या मागं पाना टाकून दाखवला. जानूकाकांचा काही संबंध नाही."

 पलीकडचा स्टोव्ह कुणीतरी बंद केला. दोन खोल्या सोडून एक दार उघडल्याचा आवाज आला.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला. "ठाव हाय मला," ते म्हणाले. "त्या दिवशी निघताना सायेब माझ्याशी ओरडून बोलला. इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता."

 "मग माझ्याकडून तीन-तीनदा कशाला वदवून घेतलंत?"

"मला नाय," बाबा म्हणाले. "जानूला ऐकू जायला पायजे होतं."